आंब्याच्या वासाच्या बावीस बाटल्या

६ जुलै, रविवार

एक ऑगस्ट. आता नक्की.

फैरुझने दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलाय. एक ऑगस्टपासून आपल्या राज्यात व्हेपची विक्री बंद. मी मागच्या दाराने गेले, नेहमीसारखीच, डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून. फैरुझ खोकी मोजत होता. वर न बघताच, थोरल्या बहिणीला सांगावं तसं म्हणाला, "कक, या वेळी अफवा नाही. परवान्याचं पत्र आलं. पुढे वाढवून मिळणार नाही."

मी विचारलं, ओढायलाही बंदी का?

"आत्ता फक्त विकायला. पुढचं कुणी सांगावं?"

आणि सिगरेटी?

त्याने शेजारच्या किराणा दुकानाकडे हनुवटी उडवली. "त्या आहेत की. चोवीस तास."

सव्वीस दिवस राहिले. माझ्याकडे व्हेपच्या लिक्विडची दीड बाटली आहे.

७ जुलै, सोमवार

रात्रभर हिशेब डोक्यात. एक बाटली दहा दिवस पुरते. वर्षाला छत्तीस. दोन वर्षं टिकतं म्हणतात, थंड आणि अंधारात ठेवलं तर. नाहीतर रंग चहासारखा होतो आणि घशाला लागतं. म्हणजे बहात्तर? कुठे ठेवू बहात्तर बाटल्या? आणि त्यानंतर?

नवऱ्याला, तरमिझीला, सांगितलं. तो बोटीचं इंजिन उघडून बसला होता, कोपरापर्यंत काळा. म्हणाला, "मग सोडून दे ना, याह. हीच वेळ आहे."

सहज म्हणाला. वाईट हेतू नव्हता. पण मला असा राग आला की भांडं आपटलं.

तो कधी सिगरेटला शिवलेला नाही. त्याला काय कळणार? मी एकोणीस वर्षांची होते, पिनांगच्या कारखान्यात, वसतिगृहाच्या गच्चीवर आम्ही सहा मुली एक पाकीट वाटून ओढायचो. पुढे त्या सगळ्यांनी सोडली. मी चोवीस वर्षं ओढली. लग्न झालं, दोन गर्भ राहिले नाहीत, केरोपोकचा, मासळीच्या कांड्यांचा, ठेला टाकला. सिगरेट सुटली नाही. मासळी कांडायच्या शेडमागे ओढायचे, वासात वास मिसळून जाईल म्हणून. गावात कुणाला माहीत नाही. अजान देणाऱ्याची बायको! एक तरमिझी सोडला तर कुणालाच नाही.

तीन वर्षांपूर्वी सकाळी खोकताना रुमालावर रक्त आलं. तेव्हा त्यानेच ते यंत्र आणून दिलं होतं. शहरातून, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. त्या दिवसापासून एकही सिगरेट नाही. एकही नाही! हे मी कुणाला सांगू शकत नाही, पण माझ्या आयुष्यात मी एवढी एकच मोठी गोष्ट केली आहे.

रमझानात दिवसभर जमतं. मग सूर्य मावळतो, आणि खजुराआधी हात खिशाकडे जातो.

१० जुलै, गुरुवार

माणशी पाच बाटल्या. फैरुझने नियम केलाय. आज मागचं दार बंद होतं, पुढूनच जावं लागलं. आत सात-आठ पुरुष. सगळे गप्प, जनावरांच्या दवाखान्यात बसावं तसे. प्रत्येक जण दुसऱ्या कुणासाठी घेत होता. एका म्हाताऱ्याने जावयाचं नाव सांगितलं. एकाने साहेबाचं. मी म्हटलं, भाच्यासाठी.

फैरुझने मान डोलावली. "भाच्याला आंबाच ना? पस्तीसचा?"

हो, आंबाच. निकोटीन पस्तीसचं.

निघताना तो म्हातारा हळूच म्हणाला, "बाई, तुमचा भाचा आणि माझा जावई, दोघांना अल्ला धीर देवो." हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदाच.

१२ जुलै, शनिवार

मागवलेलं खोकं आलं. मी घरी पत्ता दिला होता, तर पोरगा थेट ठेल्यावर घेऊन आला आणि भर गिऱ्हाइकांत माझं नाव ओरडला. उकळत्या पाण्यातून केरोपोकच्या कांड्या काढत होते. हात भाजला. शेजारची बाई विचारते, एवढं काय मागवलंस? म्हटलं, मिक्सरचं भांडं.

बारा बाटल्या, यंत्राच्या दहा कॉइल. परवाच्या पाच आणि काल फैरुझने गुपचूप दिलेल्या आणखी पाच धरून बावीस झाल्या. कपाटात, हिवाळी चादरींच्या मागे. आपल्याकडे कुठला आलाय हिवाळा! लग्नात मिळालेल्या चादरी, वीस वर्षं घडी मोडलेली नाही. कोण बघणार?

१४ जुलै, सोमवार

मोक, सासूबाई, येतायत राहायला.

त्यांच्या घराच्या वाशांना वाळवी लागलीय, सुतार म्हणतो महिना जाईल. तरमिझीने जेवताना सांगितलं, जणू पाऊस पडेल असं सांगावं तसं. मी घास तसाच धरून बसले.

मोक वाईट नाहीत. आईने केलं नाही एवढं त्यांनी माझं केलंय. दोन्ही वेळा मी रिकाम्या हातांनी दवाखान्यातून आले तेव्हा चाळीस-चाळीस दिवस तेल लावलं, एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणूनच. त्यांना कळलं तर मी त्यांच्या डोळ्यांत बघू शकणार नाही.

१६ जुलै, बुधवार

मोकना एका दिवसात घरातलं प्रत्येक कपाट पाठ झालं. आज दुपारी ठेल्यावरून आले तर बाहेर दोरीवर चादरी! हिवाळी चादरी, उन्हात.

मोक म्हणाल्या, "कसर लागली असती गं. वास बघ कसला येत होता. आंबे ठेवले होतेस का कपाटात?"

म्हटलं, हो. पिकायला.

बाटल्यांची पिशवी कपाटाच्या तळाशी तशीच होती, गाठ न सोडलेली. अजून.

१७ जुलै, गुरुवार

जागा सापडली. स्वयंपाकघर. सरबतांच्या आणि केवड्याच्या बाटल्यांच्या फळीवर, मागच्या रांगेत. बाटल्यांत बाटल्या कोण शोधतं? मोक दुपारच्या झोपेत असताना गरम पाण्यात बुडवून सगळी लेबलं सोलून काढली. कवटीचं चित्र, इशारा, सगळं. नखांत गोंद अडकलाय अजून. चुकून तरमिझी पाहुण्यांच्या सरबतात घालेल म्हणून त्याला दाखवून ठेवलं, मागची रांग माझी.

तो फळीकडे बघत म्हणाला, "इथे? खाण्याच्या जिनसांत?"

मी म्हटलं, दुसरी जागा सांग.

त्याने केवड्याच्या बाटल्या आणखी पुढे ओढल्या.

२० जुलै, रविवार

आज वाचले.

फैरुझकडे आणखी दोन कॉइल आणायला गेले होते. तोच दुकानासमोर गाडी थांबली, चार जण उतरले, गळ्यात ओळखपत्रं, एकाच्या हातात कॅमेरा. परवाने तपासायला आले होते. फैरुझने मला मागच्या खोलीत ढकललं, पडदा ओढला. मी रिकाम्या खोक्यांच्या ढिगाआड उकिडवी बसले. पडद्याखालून त्यांचे बूट दिसत होते.

"मागे काय आहे?"

"रिकामी खोकी, साहेब. एक तारखेला मालक परत घेणारेत."

"फोटो काढून ठेव."

पडदा हलला. त्या क्षणी मी दुआ केली. कसली, लिहायचीही लाज वाटते. कॅमेरा बिघडू दे, अशी.

बाहेरून कुणीतरी साहेबांना हाक मारली आणि बूट वळले. फोटो काढला असेल तर त्यात फक्त खोकी असतील. असावीत.

सेहेचाळीस वर्षांची बाई मी. कायद्याने आजच्या घडीला मी काहीही गुन्हा केलेला नाही. मग मी खोक्यांमागे का बसले होते?

घरी येऊन मोकच्या पायाला तेल लावलं. त्या म्हणाल्या, "हात एवढे गार का गं तुझे?"

२३ जुलै, बुधवार

शनिवारी रोहायाच्या, माझ्या नणंदेच्या, आउफाचं कुराण पूर्ण झाल्याची मेजवानी. सात वर्षांची पोर, सबंध वाचून काढलं! रोहायाने चाळीस माणसं बोलावलीत. तिचा नवरा तेलाच्या फलाटावर, समुद्रात, त्याला सुट्टी नाही. म्हणून सगळं आम्हीच करायचं. तरमिझी बहिणीसाठी मंडप बांधणार, मी केरोपोक आणि मासळीची आमटी. मोक म्हणाल्या, गोडाचं माझ्याकडे. आउफाने म्हणे आजीकडे फर्माईश केलीय, पिवळी धम्मक अगर-अगरची जेली. थरथरणारी.

नऊ दिवस राहिले एक तारखेला. मी रोज फळीकडे बघते. मागच्या रांगेकडे बघून पोट शांत होतं. जसं कुणाला धान्याच्या कणगीकडे बघून होत असेल.

२६ जुलै, शनिवार

आउफा दवाखान्यात. लिहवत नाही.

२७ जुलै, रविवार

लिहिते. कुठेतरी लिहायलाच हवं.

काल सकाळी मी पहाटेच ठेल्यावर गेले, केरोपोक तिथेच उकडून थेट रोहायाकडे नेणार होते. मोक घरी एकट्या. त्यांनी अगर-अगर शिजवलं, साच्यात ओतायच्या आधी वासाला फळीवर हात घातला. पुढची आंब्याची बाटली संपली होती. मागे आणखी दिसल्या. झाकण उघडून हुंगलं — आंबाच. दोन झाकणं घातली.

मी अकराला पोचले. मंडपात पाहुणे यायला लागले होते. आउफा पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला मोत्यांची माळ, आणि हातात अर्धी खाल्लेली पिवळी वडी. मामी दिसताच पळत आली. "माक लोंग, आजीचं अगर जिभेला चुरचुरतं. बघ."

तिने तोंड उघडून जीभ दाखवली. तिच्या श्वासाला माझा वास येत होता.

माझा वास! तीन वर्षं मी जो वास तोंड धुऊन, लवंग चघळून लपवते, तो त्या पोरीच्या तोंडाला.

मी विचारलं, किती खाल्ल्यास? तिने दोन बोटं दाखवली, मग एक मिटलं, म्हणजे दीड. मी परातीकडे धावले. एक बाई बशीत वाढत होती. मी तिच्या हातातली बशी ओढून घेतली. म्हटलं, कुणी खाऊ नका, नासलंय.

मोक म्हणाल्या, "नासलंय? अगं, सकाळी केलंय मी. फळीवरच्या आंब्याची दोनच झाकणं घातलीत."

मी परात उचलली आणि सगळ्यांदेखत गटारात उपडी केली. चाळीस माणसं बघत होती. मोकचा चेहरा... मी तो विसरणार नाही. सुनेने भर मंडपात सासूच्या हातचं गटारात टाकलं.

तेवढ्यात आउफा खुर्चीला धरून वाकली आणि ओकली. मग परत. ओठ राखेसारखे झाले, अंगाला घाम. रोहाया किंचाळली. तरमिझीने पोरीला उचललं, गाडीत घातलं. मी मागे बसले, तिचं डोकं मांडीवर. तिचं काळीज माझ्या तळव्याखाली पाखरासारखं धडधडत होतं. वाटेत आणखी तीनदा ओकली. रोहाया सारखी विचारत होती, "काय झालं तिला? कक, तू काय बघितलंस त्यात?"

अख्खी वाट मी उत्तर दिलं नाही.

दवाखान्यात रोहायाला पोरीबरोबर आत घेतलं. तरमिझी गाडी लावायला गेला. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मुलीने काय खाल्लं? कुणी केलं होतं?"

मला वाटत होतं, या क्षणी माझी जीभ वळणार नाही. पण वळली. सगळं सांगितलं. व्हेपचं लिक्विड, पस्तीसचं, दोन झाकणं, चाळीस वड्यांत, तिने दीड खाल्ली. बाटलीवर लेबल नाही, मी काढलं होतं.

बाईंनी लिहिता लिहिता एकदा वर बघितलं. रागाने नाही. म्हणाल्या, "बरं केलंत लगेच सांगितलंत. ओकली तेही बरंच झालं." आणि पळत आत गेल्या.

अर्ध्या तासाने रोहाया बाहेर आली. तोवर तरमिझी माझ्याशेजारी येऊन बसला होता. रोहायाचा आवाज अगदी बारीक. "व्हेपचं विष होतं म्हणे. मोकने तुमच्या घरच्या बाटलीतलं घातलं. कुणाची बाटली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"माझी," तरमिझी म्हणाला.

रोहायाने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या थोबाडीत मारली. मोठा भाऊ तो तिचा. लहानपणी बाप गेल्यावर त्याने तिला वाढवलं. तो हलला नाही.

आणि मी तोंड मिटून घेतलं.

२८ जुलै, सोमवार

आउफा बरी आहे. रात्री दोनदा झटके येतात की काय वाटलं होतं, पण नाही आले. आज पेज प्यायली. उद्या सोडतील.

तरमिझीने बाटल्या पेटीत भरून दवाखान्यात नेऊन दिल्या, नष्ट करायला. वीस.

दोन मी आधीच काढून तांदळाच्या पोत्यात खुपसल्या होत्या.

आज दुपारी न्हाणीघरात नळ सोडून ओढली. पोर सलाईन लावून पडलेली असताना. पहिल्या झुरक्याला रडू आलं. दुसऱ्याला थांबलं. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मी स्वतःला चांगली बाई म्हणणार नाही.

तरमिझीला विचारलं, का केलंस असं?

"तुझ्या तोंडावर ते सगळे कसे बोलले असते, ते मला ऐकवलं नसतं."

आणि तुझ्या तोंडावर?

"मी पुरुष आहे. चार दिवस बोलतील."

२९ जुलै, मंगळवार

मोक मुलाशी बोलत नाहीत. ताट वाढतात, त्याच्यासमोर ठेवतात, पाठ फिरवतात.

३० जुलै, बुधवार

चार दिवस नाही. नमाजघराचे दोन वडीलधारे घरी आले होते. बाहेरच्या बाकावर बसले, चहा घेतला नाही. मी दाराआडून ऐकलं.

"तरमिझी, आम्हाला वाईट वाटतंय. पण ज्या घरातल्या बाटलीने लहान पोरीला विषबाधा झाली, त्या घरातला माणूस अजान देतो म्हटल्यावर लोक बोलतात. थोडे दिवस विश्रांती घे."

"किती दिवस?"

"बघू."

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

चौदा वर्षं. ताप असताना, पुरात, बापाच्या बरसीला, चौदा वर्षांत त्याने एक वक्त चुकवलेला नाही. ते गेल्यावर तो आत आला आणि इंजिनाचे स्क्रू डब्यात टाकत बसला. एक एक.

मी म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगते.

तो म्हणाला, "नको. आता सांगितलंस तर मी खोटं बोललो तेही होईल."

ते खरं होतं. आणि मला सोयीचंही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

फैरुझच्या दुकानावर शटर. कागदही काढलाय. समोर तो जावयाचा म्हातारा उभा होता, हात मागे बांधून, नुसताच. मला ओळखलं नाही. की ओळख दाखवली नाही.

संध्याकाळची अजान कुणा दुसऱ्याने दिली. कोवळा आवाज, मध्येच श्वास पुरला नाही त्याला. तरमिझी भाताचं ताट पुढे घेऊन बसला होता. अजान संपेपर्यंत त्याने भाताला हात लावला नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

पोत्यातल्या दोन्ही बाटल्या आणि यंत्र दवाखान्याच्या औषधखिडकीवर देऊन आले. तिथल्या मुलीने नाव विचारलं. सांगितलं, माझं.

४ ऑगस्ट, सोमवार

दोन दिवस. डोकं लाकडासारखं. ठेल्यावर एका गिऱ्हाइकाला सुटे परत द्यायचे विसरले, दुसऱ्यावर खेकसले. किराणा दुकानात साखर आणायला गेले, मालकाच्या डोक्यामागे पाकिटांची भिंत. माझं जुनं पाकीट तिसऱ्या ओळीत. चोवीस वर्षं तेच. मालक म्हणाला, "आणखी काही, कक?"

साखर विसरून परत आले.

५ ऑगस्ट, मंगळवार

मोकनी आज चूल पेटवली नाही. मी आले तर बाकावर बसून होत्या, हात मांडीवर. मला वाटलं, तब्येत.

म्हणाल्या, "मी आता स्वयंपाक करणार नाही. माझे डोळे गेले."

कसले गेले, मोक? परवाच सुई ओवलीत.

"अगं, विष आणि अर्क यातला फरक दिसला नाही मला. माझ्या हाताने नातीला घातलं. ज्या बाटलीवर सगळ्या जगाला कवटी दिसते, ती मला दिसली नाही. सुतार झाला की मी घरी जाते. पण चूल पेटवायची नाही, ठरवलंय. रोहायालाही सांगितलंय, आउफाला माझ्याकडे पाठवू नकोस."

कवटी त्यांना दिसली नाही.

मी सोलली होती ती. गरम पाण्यात बुडवून, त्या झोपल्या असताना.

त्यांच्याजवळ बसले. बोलायला गेले. "मोक, मी..." एवढं बोलले आणि रडू कोसळलं. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी रडतेय. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

६ ऑगस्ट, बुधवार

मोक जेवल्या नाहीत. चार घास, तेही मी बसून राहिले म्हणून. तरमिझीने आईसमोर गुडघे टेकले, म्हणाला, मोक, चूक माझी आहे, तुमची नाही. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

तो बाहेर गेला तर मी मागोमाग गेले. अबांग म्हणून त्याला हाक मारली. म्हटलं, तू खोटं बोललास ते मी सांगणार आहे. तुला बरं वाटो न वाटो. तुझी अब्रू तू दिलीस, ती तुझी होती, द्यायचा हक्क तुला होता. मोकचे डोळे तुझे नव्हते, माझेही नव्हते.

तो नदीकडे वळला. मग म्हणाला, "मी येऊ बरोबर?"

म्हटलं, ये. पण बोलू नकोस.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं. रोहायाच्या अंगणात, दुपारच्या नमाजानंतर. मोक होत्या, नमाजघराचे ते दोघेही होते, मीच बोलावलं होतं. बाटल्या माझ्या. सिगरेटी माझ्या, चोवीस वर्षं. लेबलं मी सोलली. तरमिझीने माझ्यासाठी खोटं सांगितलं.

ते दोघे खाली मान घालून उठले. रोहाया उठली. आउफाला कडेवर घेतलं, आत गेली, कडी लावली.

मोक तेवढ्या बसून राहिल्या. मला वाटलं, आता मारतील. मारावं असंच वाटत होतं.

"त्या बाटलीवर काहीच नव्हतं?"

नव्हतं, मोक.

"कोरी होती?"

कोरी.

"म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत."

मग तोंडावर डोक्यावरचा रुमाल ओढून त्या रडल्या, मोठ्याने, लहान मुलीसारख्या. तरमिझी पुढे झाला तर त्याच्या दंडाला धरून उठल्या. माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याला लागल्यावर, पुढे बघतच म्हणाल्या, "तांदूळ भिजत घातलेस का घरी? नसतील तर मी घालते."